गेल्या सात दिवसांत

मिल बंद झाली आणि मंदाकिनीचे कपडे दोरीवर पांढरे वाळायला लागले.

रायपूरला उरल्याच्या कारखान्यांच्या कडेला त्यांची वस्ती. इथं धुणं वाळत घालायचं तर आधी दोरी पुसायची, मग कपडे टाकायचे, आणि वाळले की झटकून काजळी पाडायची, हे बायकांच्या हातात बसून गेलं होतं. तुळशीचं पान चोळलं तर बोट काळं. भाताच्या गंजावरचं झाकण जरा बाजूला सरकलं तर वर भुकटी. पोळा झाला आणि विजेचा दर परवडत नाही म्हणून मालक लोकांनी एकेक करून भट्ट्या विझवल्या. निधी आपली कॉलेजची ओढणी घेऊन घरात नाचत आली. "मम्मी, देख ना, कितनी साफ है!"

मंदाकिनीनं ओढणी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि मिलच्या विझलेल्या धुरांड्याकडं बघितलं.

मंदाकिनीचा नवरा, शंकर पराते, रोलिंग मिलमध्ये सांडशीवर होता. भट्टीतून लाल सळी रोलांमधून सळसळत बाहेर पडते. तिचं तोंड सांडशीत पकडायचं, आहे तिथंच गर्रकन वळायचं आणि पुढच्या रोलात घालायचं. हात चुकला तर सळी मांडीतून आरपार. लग्न झाल्यावर भंडाऱ्याहून इकडे आला तेव्हापासून तो हेच करत होता. भुवया कधी धड उगवल्याच नाहीत. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे पांढरे डाग, आणि पंजे असे की मोकळे सोडले तरी अर्धे मिटलेले राहायचे.

मिल बंद पडल्यावरही तो पाळीच्या वेळेला उठायचा, तोंड धुवायचा आणि ओसरीवर बसायचा. मग मिलच्या फाटकावर जाऊन यायचा. ठेकेदाराचा माणूस आतूनच ओरडायचा, "खबर करेंगे! भीड़ मत लगाओ!" शेवटी एक दिवस शंकर फाटकावर न जाता चावडीवर गेला. चावडी म्हणजे चौकातला मजुरांचा अड्डा. सकाळी माणसं घमेली-फावडी घेऊन उभी राहतात, गाड्या येतात, बोटानं दाखवून हवे तितके उचलून नेतात.

पहिल्या दिवशी तो तसाच परत आला. दुसऱ्या दिवशीही.

"काहून, काय झालं?" मंदाकिनीनं विचारलं.

"म्हातारा म्हनते मले," शंकर म्हणाला. "एकानं दंड दाबून पाह्यला. बाजारात बैलाचा पाह्यते न, तसा."

त्या दुपारी मंदाकिनीनं त्याला अंगणात पाटावर बसवलं आणि दुकानातून आणलेला कलप लावला. मान खाली घालून तो गुपचूप बसला होता. काळं पाणी मानेवरून ओघळत होतं, ती टॉवेलनं टिपत होती. शेजारची शारदा कुंपणावरून बघून हसली, "भैया तो दूल्हा बन गे!" शंकर हसला नाही. कलपाचा डाग मानेवर बरेच दिवस राहिला.

त्यानंतर कधी काम लागायचं, कधी नाही. रेती वाहणं, विटा चढवणं, कोणाच्या विहिरीतला गाळ काढणं. मंदाकिनी घरी बसून तांदळाच्या मिलचा बारदाना शिवत होती. फाटक्या पोत्यांचा ढीग ओसरीवर यायचा, दाभणात सुतळी ओवून ती भोकं बुजवायची. पोत्यांच्या धुळीनं तिला खोकला लागला होता. पण ती त्या शिवण्याला कधी काम म्हणाली नाही.

अशातच एका दुपारी शर्मिष्ठा आली. खांद्याला झोळा, हातात टॅबलेट, चेहरा घामानं डबडबलेला. दारात उभी राहून तिनं हिंदीत सुरुवात केली. मंदाकिनीनं आत वळून "निधी, पाणी आन व" म्हटलं तशी ती एकदम मराठीवर आली.

"तुम्ही मराठी? बरं झालं बाई. मी पुरानी बस्तीची. आमचे लोक भोसल्यांच्या काळात आलेले." ती खाटेवर टेकली. "काकू, रोजगाराची पाहणी आहे. नावं बाहेर जात नाहीत कोणाची. तुमचं घर निवडीत निघालं, आता काही महिने दर महिन्याला येईन मी."

शंकर बाहेर येऊन बसला. तिनं विचारलं, काका काय करता? तो पटकन म्हणाला, "मिलमधे हाओ. सांडशीवर."

मंदाकिनीनं दाभण थांबवलं.

"गेल्या सात दिवसांत गेलात मिलमध्ये?"

"बंद हाये. पन खुलीन."

"मग या सात दिवसांत दुसरं काही केलंत? एखादा तास जरी केलं असेल तरी सांगा."

शंकर जमिनीकडे बघत म्हणाला, "एका दुकानदाराची रेती वाह्यली. दुपारपर्यंत."

"झालं तर मग," शर्मिष्ठानं टॅबलेटवर बोट टेकवलं. "तुम्ही कामात धरले जाता. एक तासही पुरतो."

शंकरनं मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्याचे खांदे सरळ झालेले मंदाकिनीला दिसले. "पाह्य," तो बायकोला म्हणाला, "मॅडम म्हनून राह्यली, मी बेकार नाई."

"आणि काकू तुम्ही?"

"मी कायची काम करतो व बाई. घरीच रायतो."

शर्मिष्ठानं पोत्यांच्या ढिगाकडे पाहिलं, तिच्या हातातल्या दाभणाकडे पाहिलं. "हे घरच्यासाठी शिवता?"

"नाई, तांदळाचे मिलवाले देतेत."

"मग हे कामच की काकू. तुम्हीही कामात." मंदाकिनीला उगाच लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

शंकरला आता गप्पांत रस आला होता. "याचं करता काय तुम्ही?"

"सगळ्या घरांचं मिळून काढतात. किती हातांना काम आहे, किती जण शोधत आहेत. त्यावरून कळतं राज्याचं कसं चाललंय, बाजाराची तब्येत कशी आहे."

"मंग आमच्या नाडीवरून रायपूरची तब्येत पाह्यता म्हना!" शंकर मोठ्यानं हसला. शर्मिष्ठाही हसली. जाताना तिनं अंगणातल्या जास्वंदीचं एक फूल मागून घेतलं.

शर्मिष्ठा येऊन गेल्याला महिना होत आला तरी मिल उघडली नव्हती. त्या सोमवारी शंकर निळा सदरा घालून निघाला. डब्यात पोळ्या आणि ठेचा. "पाऊस येऊन राह्यला, छत्री घ्या," मंदाकिनी म्हणाली. "छत्रीवाला मजूर कोन उचलीन?" म्हणत तो गेला.

संध्याकाळ झाली, दिवेलागण झाली, तो आला नाही. निधीनं फोन लावला; बंद. "बॅटरी गई होगी," ती म्हणाली, पण पुन्हा पुन्हा लावत राहिली. काम लांब असेल, गाडी मिळाली नसेल, असं एकमेकींना सांगत दोघी बसल्या. भात तसाच राहिला.

उजाडता उजाडता मंदाकिनी चावडीवर गेली. आजवर ती या चौकातून रिक्षातून गेली होती, पायी उभी कधी राहिली नव्हती. माणसांची गर्दी, बिड्यांचा धूर, कडेला बायका घमेली उलटी घालून त्यांवर बसलेल्या. तिनं एकेकाला शंकरचं वर्णन सांगितलं. निळा सदरा, हातावर डाग. लोकेश नावाचा एक गवंडी पुढं आला.

"हव दीदी, काली बिहनिया देखे रहेंव. सफेद गाड़ी म गे हे. चार झन ला ले गे. तोड़ाई के काम रिहिस."

"काल सकाळी, पाडायच्या कामाले? कोनाची गाडी? कुठं नेलं?"

लोकेशनं खांदे उडवले. "इहाँ कोनो नाव नइ पूछय, दीदी."

मंदाकिनीला वाटलं, आपल्याला त्याची बोली नीट कळली नसावी. तिनं पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला, या वेळी सावकाश. इथं कोणी नाव विचारत नाही. नेणारा मजुराचं विचारत नाही, मजूर नेणाऱ्याचं विचारत नाही. संध्याकाळी हातावर मोबदला ठेवला की संपलं. ती भोवतीच्या माणसांकडं बघत राहिली. एवढी माणसं रोज सकाळी कोणाच्याही गाडीत चढून कुठंही जातात, आणि ती कुठं गेली हे या शहरात कोणालाच माहीत नसतं.

पोलीस ठाण्यात नोंदी लिहिणाऱ्या मुनशीनं विचारलं, "काम कहाँ करता है?"

"चावडीवरून जातेत."

"अरे, मालिक कौन? किसके यहाँ?"

"नाई माहीत, साहेब."

"तो हम किसको पूछें?" त्यानं कागद पुढं ओढला आणि पुन्हा बाजूला सारला. "पीके पड़ा होगा कहीं. शाम तक देख लो."

"ते पीत नाहीत," मंदाकिनी म्हणाली. मुनशी दुसऱ्या माणसाशी बोलायला लागला होता.

तिथून ती मिलच्या फाटकावर गेली. वाटलं, इतक्या वर्षांचं ठिकाण, कोणीतरी मोटारसायकल काढील, चार ठिकाणी फोन करील. ठेकेदाराचा माणूस पान खात केबिनमध्ये बसला होता. या माणसाच्या घरी ती दर दिवाळीला चकल्या-करंज्या पाठवायची. तिनं शंकरचं नाव घेताच तो उठून उभा राहिला.

"कौन शंकर? हमारे यहाँ कोई शंकर नहीं था."

"अहो, मी पैसे मागायले नाही आली. ते घरी नाही आले कालपासून. तुमच्या वळखीत कोनी..."

"बोला ना, नहीं था. मिल में ऐसा कोई आदमी कभी था ही नहीं. जाओ यहाँ से."

ती त्याच्याकडं बघत राहिली, आणि तो तिच्या डोक्यावरून पलीकडं बघत राहिला. "था ही नहीं?" ती हळूच म्हणाली. "तुमच्याच सळीनं भाजलेत न त्यायचे हात. मीच लावलं ना औषध..." त्यानं चौकीदाराला खूण केली. चौकीदार, म्हातारा माणूस, तिला फाटकाबाहेर नेऊन सोडताना पुटपुटला, "डरता है दीदी. कहीं कुछ हो गया होगा तो इसके गले न पड़े. रजिस्टर में नाम तो इधर किसी का नहीं चढ़ाते."

ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. ट्रक जात होते, चिखल उडत होता. लग्नापासून तिनं ज्या पाळ्यांवर घर चालवलं, ज्या वेळांवर स्वयंपाक केला, ज्या रात्री दचकून उठून त्याची वाट पाहिली, ते सगळं कोणीतरी एका वाक्यात पुसून टाकलं होतं. रडू येईना.

निधीनं मैत्रिणींकडून शहरातल्या दवाखान्यांचे नंबर काढले आणि दिवसभर फोन केले. मंगळवार तसाच गेला. बुधवारी एका मोठ्या सरकारी दवाखान्यातून कोणीतरी म्हणालं, एक बेहोश माणूस आहे, सोमवारी दुपारी ऑटोवाला फाटकावर सोडून गेला, नावगाव नाही.

वॉर्डात खाटा कमी, माणसं जास्त. मंदाकिनी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत गेली आणि त्याच्या पुढूनच निघून गेली. चेहरा इतका सुजला होता. निधी मागून किंचाळली, "मम्मी!" मंदाकिनी वळली. मानेवर कलपाचा डाग, चादरीवर टेकलेला अर्धा मिटलेला पंजा. तो शंकर होता. तिनं खाली पाहिलं. एका बाजूला चादरीखाली पाय होता. दुसऱ्या बाजूला गुडघ्याखाली चादर सपाट होती.

तिनं हात फिरवून पाहिला. आपली नजर चुकली असेल म्हणून पुन्हा फिरवून पाहिला. तिथं नुसती गादी होती.

"कोनाले विचारून कापला?" ती ओरडली. वॉर्डातली माणसं वळून पाहू लागली. परिचारिका धावत आली. "अम्मा, नहीं काटते तो मर जाता. किससे पूछते? कोई था क्या साथ में?"

शंकरनं डोळे उघडले तेव्हा दुपार टळली होती. त्यानं बायकोला ओळखलं. ओठ सुकले होते. "मंदा," तो म्हणाला, "चप्पल राह्यली व तिथं. नवीन होती."

तिनं तोंडात पदर कोंबला.

तुकड्या-तुकड्यांनी कळलं ते एवढंच. जुनं गोदाम पाडायचं होतं. शंकर पहार मारत होता, शेजारची भिंत वरून आली. बाकीचे पळाले. गाडीवाल्यानं एका ऑटोत त्याला आडवं टाकलं, ऑटोवाल्याला म्हणाला, घेऊन जा. गोदाम कुठलं? शंकरला सांगता येईना. गाडी पुलाखालून गेली होती, मग पाऊस लागला, ताडपत्री ओढली होती.

शनिवारी निधीला त्याच्याजवळ बसवून मंदाकिनी स्वयंपाक करून डबा न्यायला घरी आली. वस्तीत शिरताना मिलचा भोंगा वाजला. मालक लोकांचं विजेच्या दराचं काहीतरी जमलं होतं. भट्ट्या पेटल्या होत्या. पाळीची माणसं लगबगीनं तिच्या अंगावरून पुढं जात होती. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. एका सायकलवाल्यानं घंटी वाजवली, तेव्हा हलली.

दारात शर्मिष्ठा उभी होती. झोळा, टॅबलेट. "काकू, मी दोनदा येऊन गेले, कुलूप होतं. काका कामाला गेले का?"

मंदाकिनीनं कुलूप काढलं, तिला आत घेतलं, चूल पेटवली आणि कणीक मळता मळता सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. शर्मिष्ठा खाटेच्या कडेवर आखडून बसली होती. टॅबलेट तिनं केव्हाच उलटा करून ठेवला होता.

"मी पुन्हा कधी येते, काकू," ती म्हणाली. "आज नको."

"नाई, तू लिही. तुह्यं काम आहे न ते. विचार तुले जे विचाराचं ते."

"काकू..."

"विचार म्हनतो न!"

शर्मिष्ठानं टॅबलेट सरळ केला. "गेल्या सात दिवसांत... काकांनी... एक तास तरी काम केलं का?"

मंदाकिनीचे हात परातीत थांबले. "सोमवारी केलं. सकायपासून भिंत पडेपर्यंत."

शर्मिष्ठाची नजर टॅबलेटवर होती. बोट हवेत होतं.

"मंग? काय लिहीशीन?"

"काकू, नियमानं..." तिनं टॅबलेट मांडीवर ठेवला. "नियमानं या आठवड्यात ते कामात धरले जातील."

"पाय गेला तो माणूस कामात?"

"हो."

"अन् पुढच्या महिन्यात येशीन तवा? तवा तर नाही करनार ते काम. तवा तरी बेकार लिहीशीन न?"

शर्मिष्ठाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बेकार म्हणजे जो काम शोधतोय, करायला तयार आहे तो. ज्याला शक्यच नाही तो... त्याला बेकारांतही धरत नाहीत, काकू."

"मंग कशात धरता?"

"त्या हिशेबात नसतोच मग तो."

चुलीतलं लाकूड तडतडलं. मंदाकिनी तिच्याकडं अशी बघत राहिली, जसं तिनं फाटकावरच्या माणसाकडं पाहिलं होतं. या पोरीचा राग धरावा असं तिच्यात काही नव्हतं. पोरगी रडत होती. पण मंदाकिनीला वाटलं, शंकर दवाखान्यातल्या खाटेवर नाहीच. त्याला कोणीतरी हळूहळू, न दुखवता, एकेका ठिकाणाहून उचलून बाहेर ठेवत आहे.

"म्हनजे रायपूरची तब्येत चांगलीच निंगन," ती म्हणाली आणि पोळी लाटायला घेतली.

शर्मिष्ठानं डोळे पुसले, टॅबलेट झोळ्यात घातला. मग उठून तिनं न विचारता तवा चुलीवर ठेवला आणि मंदाकिनी लाटत होती त्या पोळ्या भाजून दिल्या. डबा भरेपर्यंत थांबली. तिला ऑटोपर्यंत सोडून मग गेली.

शंकर घरी आला तेव्हा थंडी पडायला लागली होती. खाट ओसरीवर टाकली. तो भिंतीकडं तोंड करून पडायचा. भोंगा वाजला की डोळे मिटायचा. बारदान्यावर तिघांचं, दवापाण्यासकट, भागेना. एक दिवस मंदाकिनीनं घमेलं घासून घेतलं आणि शारदाबरोबर चावडीवर जाऊन बसली.

पहिली गाडी थांबली. माणसानं बोट केलं, तू, तू आणि तू. तिघींत मंदाकिनी होती. ती उठली, गाडीजवळ गेली आणि म्हणाली, "भैया, आपका नाम?"

"क्यों? शादी करनी है?"

गाडीतली माणसं खदाखदा हसली. "नाम बताओ. काम किधर है, वो बताओ. फिर चढ़ती."

त्यानं दुसरीला बोलावलं. गाडी निघून गेली. दुसऱ्या गाडीवाल्यानं तर उत्तरच दिलं नाही. उन्हं वर येईपर्यंत चावडी रिकामी झाली, आणि ती घमेलं घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशीही तसंच.

"काहून विचारतं व?" शंकर भिंतीकडं बघतच म्हणाला. "विचारलं तर नेत नाहीत कोनी."

"तुम्ही नव्हतं विचारलं," ती म्हणाली.

मग त्यानं हात मागं केला, आणि तिनं तो धरला.

तिसऱ्या दिवशी धुकं होतं. चावडीवर शेकोट्या पेटल्या होत्या. एक छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबला. चालवणारा तरुण होता, घाईत होता. "स्लॅब का काम, एक औरत चाहिए. चल अम्मा."

"नाम?" मंदाकिनीनं विचारलं.

"अरे, क्या नाम-वाम..." त्यानं इकडं तिकडं पाहिलं. दुसरी कोणी उठेना. शारदानं बाजूला बसलेल्या बाईला उठू न देता तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. "भार्गव साहू. भनपुरी में, टायर गोदाम के पीछे. हो गया? अब बैठ."

मंदाकिनी गाडीत चढली नाही. आधी मागं वळली आणि सगळ्या चावडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "शारदा, भार्गव साहू. भनपुरी. टायर गोदाम के पीछे."

"हव," शारदा म्हणाली.

मग मंदाकिनीनं घमेलं आत टाकलं आणि फळीला धरून वर चढली. लोखंड गार होतं. गाडी हलली. धुक्यात शेकोटीजवळ उभ्या शारदाचे ओठ हलताना दिसत होते. ती नाव पाठ करत होती.